जाऊ की राहू

अम्मी गाठोडं बांधत होती. गुडघ्यानं ते दाबून धरायचं आणि चादरीचं टोक दातांत पकडून गाठ ओढायची, अशी तिची रीत. रुकय्या, माझी मोठी बहीण, धाकट्या मस्तानला कडेवर घेऊन दाराच्या फटीतून गल्ली बघत होती. मस्तान दहा महिन्यांचा. रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा दिला होता.

अब्बांनी मला जवळ ओढलं आणि माझे दोन्ही खांदे धरले.

"जैनू, काकाकू क्या पूछने का?"

"जाऊं के रहूं."

"मराठीमें?"

"जाऊ की राहू."

"पेठमें मेरेकू क्या बोलने का?"

"बाबा."

"और काका जो बोले सो आके बोलने का. एक लफ्ज इधर का उधर नक्को."

मी मान हलवली. मला या कामाचा अभिमान वाटत होता. मी सात वर्षांची होते.

गाव काजळपूर. तीन दिवसांपूर्वीपर्यंत निजामाच्या राज्यातलं. मग हिंदुस्थानची फौज आली. त्याला सगळे अजूनही 'ॲक्शन' म्हणतात. रझाकार पळाले. ज्यांना पळायचं कारण वाटलं नव्हतं, ते आपापल्या गल्लीत राहिले. आमची मणेरगल्ली तशीच राहिली. मणेर म्हणजे बांगड्या विकणारे मुसलमान. चैत्रात रझाकारांनी शेजारचं गाव जाळलं होतं, त्या गावचा राग आता वाट शोधत आमच्याकडं येतो आहे, असं कानावर आलं होतं. मागच्या ओढ्यानं लगेच निघालं तर दिवस मावळायच्या आत सरहद्द ओलांडता आली असती. सोलापूरला मामा होते. पण वाटेतच माणसं असली तर? मग घरातच, दाराला आडणा घालून बसणं बरं. कोणती वाट मोकळी आहे हे एकाच माणसाला ठाऊक असणार होतं. रामलिंग कासार, अब्बांचे दोस्त, माझे काका. त्यांचं भांड्यांचं आणि बांगड्यांचं दुकान वेशीला लागून. बाहेरगावचा प्रत्येक माणूस आधी त्यांच्या ओट्यावर टेकायचा. चैत्रात रझाकार पेठेत शिरले, तेव्हा अब्बा काकांच्या दारात पाय पसरून बसले होते आणि हे माझ्या भावाचं घर आहे म्हणाले होते. रझाकार पुढच्या घराकडं गेले होते.

आता पेठेत अब्बांना पाय टाकता येत नव्हता. परकर-पोलक्यातल्या पोरीला येत होता.

मी निघाले. मागं अम्मीनं दुसरी गाठ मारली.

इथपर्यंत मी नेहमी नीट सांगते.

*

इथून पुढं मी काय काय सांगितलं आहे ते आधी लिहून टाकते.

मामा मला न्यायला काजळपूरला आले तेव्हा थंडी पडली होती. परतताना बैलगाडीत त्यांनी विचारलं, रामलिंगनं काय उत्तर दिलं होतं? मी म्हटलं, "रहो बोले." मामांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले, काजळपूरच्या दिशेला तोंड करून थुंकले आणि परत येऊन बसले. पुढं एकवीस वर्षं, मामा होते तोवर, आमच्या घरात काकांचं नाव निघालं नाही. दर नागपंचमीला कुणाच्या तरी हाती काजळपूरहून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या यायच्या. मामा त्या दारातूनच परत पाठवायचे. मी परसात उभी राहून ऐकायचे.

मी मामांना सांगितलं ते खरं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दिवशी काय घडलं याची चौकशी करायला एक माणूस आला. डोक्याला रुमाल, हातात कागद. त्याला मी म्हटलं, काका दुकानात नव्हते, मी तशीच परत आले. त्यानं ते लिहून घेतलं आणि मला पेपरमिंट दिलं. तेही खरं नाही. पेपरमिंट मी खाल्लं.

नवऱ्याला म्हटलं, आठवत नाही. ते साधे गृहस्थ. म्हणाले, बरं आहे, नाही आठवत तेच बरं.

मुलगी नसीम कॉलेजात गेल्यावर खोदून खोदून विचारायला लागली. तिला सांगितलं की काकांना बोलताच आलं नाही, कारण तिथं माणसं होती. सगळ्या खोट्यांत हे खऱ्याच्या सगळ्यात जवळचं. माणसं होती.

मी पस्तीस वर्षं पालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. पोरांनी वाक्यातला एक शब्द बदलला की खाली लाल रेघ मारायचे. मुलं म्हणायची, बाई, अर्थ तोच आहे की. मी म्हणायचे, तोच नाही.

आता माणसांपासून सुरू करते.

*

काकांच्या ओट्यावर तिघं बसले होते. चौथे काका, गादीवर, मांडीत पितळी तांब्या घेऊन तो फडक्यानं पुसत होते. तिघांपैकी एकाच्या खांद्यावर कडब्याचा चुरा पडलेला होता, जणू शेतातून थेट उठून आला होता. तिघांच्या कुऱ्हाडी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, आपण छत्र्या ठेवतो तशा.

मी ओट्याखाली उभी राहिले. अब्बांनी घोकून घेतलं होतं तसंच बोलले.

"काका, बाबांनी विचारलंय, जाऊ की राहू?"

"कुणाची गं ही?" कडब्याच्या चुऱ्याचा माणूस म्हणाला.

"मेव्हण्याची," काका म्हणाले. त्यांचा हात पुसता पुसता थांबला नाही. "मेव्हण्यानं त्या आळीत दुकान मांडलंय. बाजाराला जाऊ का म्हणून विचारतोय. कसला बाजार आलाय ह्या दिवसांत!" आणि ते हसले. काका हसले की त्यांचं पोट हलायचं. त्या दिवशी हललं नाही, पण ते मला आत्ता लिहिताना दिसतं आहे. तेव्हा फक्त हसणं दिसलं.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाबाला म्हणावं, दुकान वाढवा. आता. लगेच."

"भरदुपारी दुकान वाढवतात व्हय?" दुसरा एक म्हणाला.

"गिऱ्हाइकं कुठायत? माशा मारत बसावं का?"

चौघंही हसले. मीही हसले. मग पळत सुटले.

दुकान वाढवा.

एक गोष्ट राहिली, ती आत्ताच सांगायला हवी. त्या आधीचा सबंध श्रावण अब्बा आणि काका एकच गोष्ट बोलत होते. आमच्या ओसरीला नव्या फळ्या ठोकायच्या, काकांची थोडी भांडी आणि आमच्या बांगड्या एकत्र मांडायच्या, दोघांचं मिळून मोठं दुकान करायचं. अब्बा कोळशानं भिंतीवर रेघा मारून दाखवायचे. वरच्या फळीवर तांबे, मधल्यांवर बायकांच्या बांगड्या. आणि सगळ्यात खालची, माझ्या हाताला येईल अशी, ती जैनूची. लहान पोरींच्या मापाच्या बांगड्या जैनू विकणार. ती रेघ मी रोज बोटानं गिरवायचे. तिच्याखाली मी बसायची जागासुद्धा ठरवली होती.

बारवेला वळसा घालून, लिंबाखालून मी पळाले. वाटभर मला ती फळी दिसत होती.

अब्बा उंबऱ्याच्या आत उभे होते.

"क्या बोले?"

"दुकान बडी करो बोले."

अब्बांनी अम्मीकडं पाहिलं. अम्मीनं गाठोड्यावरचा हात काढला नाही.

"दुकान बडी करो? ऐसाच बोले?"

"हौ. अब्बीच करो बोले. हसके बोले."

"हसके?"

"हौ. सब हसे."

अम्मी म्हणाली, "मराठीमें क्या बोले सो पूछो तो."

अब्बा खाली बसले, माझ्या तोंडाच्या उंचीला. "जैनू, मराठीमें क्या बोले?"

मी विचार केला. खरंच केला. पण बारवेपासून दारापर्यंत मी तो निरोप इतक्या वेळा घोकला होता, की काकांच्या तोंडचा शब्द गळून पडला होता आणि त्या जागी माझा बसला होता. मला मराठी येतं हे अब्बांना दाखवायचं होतं.

"दुकान मोठं करा," मी म्हटलं. स्पष्ट. शाळेत उत्तर द्यावं तसं.

अब्बांनी श्वास सोडला. मला तो अजून गालावर जाणवतो. मग उठले, अम्मीच्या हाताखालून गाठोडं घेतलं आणि त्याच्या गाठी सोडल्या. घरात दसऱ्याचा सगळा माल येऊन पडला होता, दोन खोल्याभर बांगड्या पेंढ्यात गुंडाळून. अब्बांना तो टाकून जायचं नव्हतंच. आणि रामलिंग हसून, चार माणसांत, दुकानाच्या गोष्टी बोलतो आहे म्हणजे वारं फिरलं आहे.

अम्मी म्हणाली, तरी जाऊ या. अब्बा म्हणाले, रामलिंग मला खोटं सांगणार नाही. रुकय्या म्हणाली, जैनू परत जाणार असेल तर मीपण जाते, पेठेत काय चाललंय बघून येते. अम्मीनं तिला दंडाला धरून आत बसवलं. ती बारा वर्षांची होती, तिनं आता पेठेत जायचं नव्हतं. रुकय्या फणकाऱ्यानं म्हणाली, "लाडो जाएगी, मैं नै." मला चिडवायला ती मला लाडो म्हणायची.

अब्बांनी मला परत पाठवलं. उत्तराला उत्तर द्यायचं असतं. म्हणाले, काकांना सांग, जुम्म्याला फळ्या आणू.

"मराठीमें?" त्यांनीच विचारलं. आता ते हसत होते.

"शुक्रवारी फळ्या आणू."

"शाब्बास."

त्यांनी माझ्या पोलक्याची वर गेलेली बाही खाली ओढली. मस्तानच्या तोंडातला गूळ संपला होता, तो रडायला लागला होता. मी मागं बघितलं नाही. कशाला बघेन? दहा मिनिटांत परत यायचं होतं.

*

दुसऱ्या वेळी वेशीत गर्दी होती. फार नाही. पंधरा-वीस माणसं, उभी. ओट्यावर तेच तिघं, आता पाणी पीत होते. काकांच्या मांडीत तोच तांब्या.

"काका, बाबा म्हणाले, शुक्रवारी फळ्या आणू."

काकांनी तांब्या खाली ठेवला. बस, एवढंच. खाली ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

"आत जा," म्हणाले. "काकीनं बोलावलंय."

"बाबा वाट बघतील."

"आत जा, जनू."

काकी मला जनू म्हणायची, काका नेहमी जैनू म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा जनू म्हटलं. मी दुकानातून आत गेले.

सुंदराकाकीनं मला बघितलं. न्हाणीघरात नेऊन माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, केस मोकळे सोडून कानांवर ओढले. अम्मीनं माझ्या कानांच्या कडेला चार-चार भोकं पाडून चांदीच्या बाळ्या घातल्या होत्या. आमच्यातल्या मुली तशा घालतात. काकीनं त्या एकेक करून काढल्या आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसल्या. मला दुखलं. मी ओरडणार तेवढ्यात तिनं तळहात तोंडावर ठेवला. त्या हाताला पिठाचा वास होता. मग कुंकू लावलं. दुकानातल्या हिरव्या बांगड्यांतलं सगळ्यात लहान माप काढून दोन्ही हातांत चार-चार भरल्या.

"तुझं नाव काय?"

"जैनू."

"जनू. कुणाची तू?"

"अब्बाची."

"माझ्या भावाची. परांड्याची. म्हण."

मी म्हटलं. तिनं तीनदा म्हणवून घेतलं.

मग आवाज आला.

तो आवाज मी कुणालाच नीट सांगू शकलेले नाही. आधी माणसांचा होता, तो मला आठवत नाही. त्यानंतरचा आठवतो. दोन खोल्याभर काच, पेंढ्यातून उपसून, दगडी ओसरीवर. हजारो बांगड्या एकदम. एखादी नदी खळखळत गल्लीत शिरावी तसा. मध्ये थांबायचा, पुन्हा यायचा. मला तो ओळखीचा होता. लहान असताना मी मालाची पेटी पाडली होती, तेव्हा तसाच आला होता, फक्त अगदी थोडा.

मी म्हटलं, "काकी, आमच्या बांगड्या फुटतायत."

काकी चुलीसमोर पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. सवयीनंच बोलली, आवाज फाटला होता.

"फुटल्या म्हणू नये गं माय. वाढल्या म्हणावं."

ती हे मला नेहमीच सांगायची. आमच्या घरी बांगडी 'ठंडी' व्हायची. काकीकडं वाढायची. मला हसू यायचं, फुटलेली बांगडी वाढेल कशी?

दार वाजलं नाही, उघडलंच. कडब्याच्या चुऱ्याचा माणूस होता. मागं काका होते, त्यांच्या पुढं कुणाचा तरी हात आडवा होता.

"ती मघाची पोर कुठाय? जाऊ की राहू विचारणारी?"

"ही काय," काकी म्हणाली. "माझ्या भावाची आहे. आत्ताच न्हाऊ घातलंय."

"इकडं ये गं."

मी हलले नाही. त्यानं माझं मनगट धरलं आणि उजेडाकडं ओढलं. माझं तोंड, केस, कपाळ बघत होता. केसांकडं दुसरा हात न्यायला लागला. मी मनगट मागं ओढलं, त्यानं घट्ट दाबलं, आणि कट्टकन एक बांगडी गेली. काच मनगटात रुतली. रक्ताचा एक थेंब आला.

मी त्या थेंबाकडं बघितलं आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं.

"वाढली."

त्याचा हात थांबला. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मग हसला. खरंच हसला, एखाद्या घरच्या पोरीला हसावं तसा.

"वाढली म्हणतीया," मागच्याला म्हणाला. "कासाराचंच बेणं."

मनगट सुटलं. ते गेले.

दिवेलागणीला काका आत आले. भिंतीला पाठ लावून बसले. काकीनं त्यांच्यासमोर पाणी ठेवलं. मग काकीनं विचारलं, रोज विचारायची ते. तिच्याकडं दुसरे शब्द उरले नसावेत.

"दुकान वाढवलं?"

काकांनी मान हलवली. दुपारीच, म्हणाले.

मी काकीच्या पदराला धरून होते. हळूच विचारलं, दुकान वाढवणं म्हणजे काय?

"बंद करणं गं," काकी म्हणाली. "बंद केलं म्हणू नये म्हणून तसं म्हणतात."

आमच्याकडं अब्बा दुकान 'उठवायचे'. संध्याकाळी कपडा गोळा करत म्हणायचे, चल जैनू, दुकान उठा.

काका माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

मणेरगल्लीतून कुणी आलं नाही. अब्बा, अम्मी, रुकय्या, मस्तान. बारवेचं पाणी त्यानंतर कुणी काढलं नाही, पुढं ती बुजवली. मी हिवाळ्यापर्यंत काकीच्या भावाची मुलगी होते. काकी मला जवळ घेऊन ताट वाढायची. ती वाढते म्हणाली की माझा घास तोंडात फिरायचा.

*

एकोणऐंशीच्या दिवाळीआधी शिवलिंगचं कार्ड आलं. शिवलिंग काकांचा मुलगा, त्या गडबडीनंतर दोन वर्षांनी जन्मलेला. मामा वारले तेव्हापासून बांगड्या माझ्यापर्यंत पोचत होत्या, मीही पोचल्याचं चार ओळींचं पत्र टाकायचे, पण गेले कधीच नव्हते. कार्डात लिहिलं होतं: आई गेल्यापासून दादांनी अंथरूण धरलं आहे. तुमचं नाव घेतात. जमलं तर यावं.

मी रजा टाकली आणि एसटीत बसले. वाटेत मनात वाक्य जुळवत होते. ते मोडून पुन्हा जुळवत होते.

दुकान तिथंच होतं. दर्शनी काचेची कपाटं आली होती, पण बंद करायला अजून जुन्याच लाकडी फळ्या, एकेक खाचेत सरकवायच्या. त्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. शिवलिंगनं मला अक्का म्हटलं, पाया पडला आणि चहा मांडायला बायकोला सांगितलं. म्हणाला, "दादा गावात अजून सांगतात, दावलसाबनं माझं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर अक्का इथंच नांदली असती."

दावलसाब म्हणजे माझे अब्बा.

काका मागच्या खोलीत होते. पोट गेलं होतं, मनगटं काडीसारखी झाली होती. मला बघून त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि जुन्या धंद्याच्या सवयीनं अंगठ्या-बोटानं त्याचं माप बघितलं.

"अडीचाला जरा कमी," म्हणाले. "मी मोठ्या पाठवत होतो."

"होतात मला."

शिवलिंगची बायको चहा ठेवून गेली. मी कप उचलला नाही, कारण उचलला असता तर बोलले नसते.

"काका, तुम्ही म्हणाला होतात, दुकान वाढवा."

त्यांनी डोळे उघडले.

"मी घरी जाऊन सांगितलं, मोठं करा. अब्बांनी दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं. त्यांनी बांधलेलं सोडलं. अब्बांनी तुमचं ऐकलं नाही असं नाही. त्यांनी माझं ऐकलं." थांबले असते तर बरं झालं असतं, पण थांबता आलं नाही. "आणि मी मामांना सांगितलं की तुम्ही राहा म्हणालात. ते मरेपर्यंत तुम्हाला शिव्या देत होते. मी गप्प राहिले."

बाहेर शिवलिंग एका बाईशी बांगड्यांवरून घासाघीस करत होता. बाई म्हणत होती, गेल्या साली रंग गेला. शिवलिंग म्हणत होता, रंग जायला ते काय लुगडं आहे?

काका म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"मामांचं?"

"ते नाही. तू चुकीचं सांगितलंस ते."

"काकीनं सांगितलं?"

"तूच सांगितलंस. शुक्रवारी फळ्या आणू म्हणालीस." त्यांना धाप लागली. मी पाणी पुढं केलं, त्यांनी नको म्हटलं. "त्याच क्षणी कळलं मला. तांब्या होता हातात."

"हो."

"ते तिघं पाणी पीत होते. वेशीत वीस माणसं होती, जास्त नाही. अजून जमायची होती. तुमची ओसरी किती लांब होती, सांग बघू."

लिंबाच्या पलीकडं. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. मी सात वर्षांची, पळत किती वेळात जायचे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तुला परत पाठवता आलं असतं. बरोबर सांगून. पाठवलं असतं तर तूही गेली असतीस म्हणून नाही पाठवलं, असं मी तुझ्या काकीला सांगत आलो." त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर, जिथं काच रुतली होती तिथं येऊन थांबला. वण आता दिसत नाही, पण त्यांना जागा ठाऊक होती. "पण मला जाता आलं असतं. दावल बसला होता माझ्या दारात. मी उठलो नाही, जनू."

मी त्यांचा हात सोडला नाही. त्यांनीही माझा सोडला नाही. चहावर साय धरली.

गिऱ्हाईक गेलं असावं. बाहेर शांत झालं. मग शिवलिंगची हाक आली, मोठ्यानं, कामात असताना द्यावी तशी.

"अक्का, दादांना जरा विचारता का? दुकान वाढवू की राहू दे अजून थोडं?"

काकांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, ऐकलं नाही. मग ओठ हलले.

"वाढव म्हणावं."

मी उठले. मागच्या खोलीतून दुकानात यायला बारा पावलं लागतात. मी शब्द जिभेवर धरून ठेवला, भरलेला तांब्या नेतात तसा, हळू चालले, आणि पुढं येऊन शिवलिंगला सांगितलं,

"काका म्हणाले, दुकान वाढव."

"बरं," शिवलिंग म्हणाला आणि पहिली फळी उचलून त्यानं खाचेत बसवली.